जुना पैसा मोलाचा कधी होतो?

१२ नोव्हेंबर २०२५ रोजी अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीची शेवटची पेनी पाडण्यात आली आणि १७९३ पासून चालत आलेले एक सेंटाचे नाणे बंद झाले. कारण अगदी हिशेबी होते: एक सेंटाचे नाणे पाडायला साडेतीन सेंटांहून अधिक खर्च येत होता. पुढच्याच महिन्यात ओमेगा हे ग्रीक वर्णमालेतले शेवटचे अक्षर उमटवलेल्या अखेरच्या पेनींचे २३२ संच लिलावात निघाले. प्रत्येक संचात एक पेनी सोन्याची होती हे खरे, तरी सगळ्या संचांना मिळून १ कोटी ६० लाख डॉलरांहून अधिक बोली लागली, ती काही सोन्याच्या वजनाला लागलेली नव्हती. त्याच वेळी अमेरिकेतल्या घराघरांत, बरण्यांत आणि सोफ्याच्या फटींत मिळून सुमारे ३०० अब्ज पेनी पडून असल्याचा सरकारी अंदाज आहे आणि त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांची किंमत आजही एक सेंटच आहे.

नाणे तेच, धातू तोच, मग एकाला हजारो डॉलर आणि दुसऱ्याला एक सेंट हे कसे, असा प्रश्न सामान्य वाचकाला पडला तर नवल नाही. आपल्याकडे हाच गोंधळ निराळ्या रूपात मोबाइलवर येऊन थडकतो: वैष्णोदेवीचे चित्र असलेले ५ रुपयांचे नाणे द्या आणि १० लाख घ्या, ट्रॅक्टरची ५ रुपयांची नोट असेल तर नशीब उघडले, वगैरे. असाच एक संदेश वाचून माझी मावशी मागच्या दिवाळीनंतर फरसाणाचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन घरी आली. मला जुन्या नाण्यांचा थोडाफार नाद आहे हे तिला ठाऊक होते. डब्यात मूठभर अॅल्युमिनियमचे पैसे, १९५७ चा एक नया पैसा, १९४४ चा भोकाचा पैसा, एक राणीछाप रुपया, १९४५ चा राजाछाप रुपया, एक शिवराई, वैष्णोदेवीचे ते ५ रुपये आणि रामदरबाराचे चित्र असलेली एक तांब्याची चकती एवढा ऐवज होता. हा विषय समजून घ्यायला याहून चांगले साहित्य मिळणे कठीण, म्हणून पुढचे विवेचन बरेचसे या डब्याच्याच आधाराने केले आहे.

एकाच नाण्याच्या तीन किमती

कोणत्याही नाण्याला एकाच वेळी तीन किमती असू शकतात. पहिली त्याच्यावर छापलेली, म्हणजे दर्शनी किंमत. दुसरी त्याच्या धातूची. आणि तिसरी संग्राहकाची, म्हणजे ते नाणे आपल्या संग्रहात असावे म्हणून एखादा माणूस जे मोजायला तयार होतो ती. पहिली सरकार ठरवते, दुसरी बाजार ठरवतो, आणि तिसरी कोणीच ठरवून देत नाही, ती दर खेपेला दोन माणसांमध्ये ठरते.

मावशीच्या डब्यातले दोन रुपये शेजारी ठेवले की धातूची बाजू स्पष्ट होते. राणीछाप म्हणजे व्हिक्टोरियाचा रुपया एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम वजनाचा असतो आणि त्यात शेकडा ९१ हून थोडी अधिक चांदी असते, म्हणजे सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी हातात येते. १९४५ चा राजाछाप रुपया आकाराने आणि वजनाने तसाच दिसतो, पण दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई झाल्यामुळे १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आणून बाकी तांबे, निकेल आणि जस्त मिसळले गेले. सराफाकडे मोडीत घालायचे ठरवले तर पहिल्याला दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट भाव येईल. मात्र हा नाण्याचा तळभाव झाला, त्याच्या खाली चांदीचे नाणे सहसा जात नाही, एवढाच त्याचा अर्थ. संग्राहकाची किंमत तिथून वर चढते किंवा तिथेच थांबते, आणि बहुतेक वेळा थांबतेच.

अॅल्युमिनियमच्या १, २ आणि ३ पैशांना तर तिन्ही बाजूंनी फारसा आधार नाही. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली, त्यामुळे दर्शनी किंमत गेली. धातू नगण्य. आणि ती इतकी पाडली गेली होती की अजून घराघरांत निघतात.

वय झाले म्हणून मोल येत नाही

सर्वांत मोठा गैरसमज हा आहे, म्हणून इथे थोडे थांबायला हवे. जुने ते दुर्मीळ, आणि दुर्मीळ ते महाग, अशी साखळी आपण मनात न कळत जोडून टाकतो. तिची पहिलीच कडी कच्ची आहे.

१९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. ही नाणी क्षहरात घराण्यातल्या नहपान या क्षत्रप राजाची होती आणि त्यांची संख्या १३ हजारांवर होती. त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता, म्हणजे हरलेल्या राजाचे नाणे वितळवण्याऐवजी त्याच्याच चेहऱ्यावर आपली मोहोर उमटवली होती. इतिहासाच्या दृष्टीने या साठ्याचे मोल करता येणार नाही, कारण सातवाहनांनी क्षत्रपांचा पराभव केल्याचा इतका ढळढळीत पुरावा दुसरा क्वचितच मिळेल. पण संग्राहकाच्या बाजारात पश्चिमी क्षत्रपांचे एखादे साधे, चांगले वाचता येणारे चांदीचे नाणे सोन्याच्या लहानशा अंगठीपेक्षा पुष्कळ स्वस्तात मिळते. जवळजवळ दोन हजार वर्षे वयाची वस्तू, आणि तरीही. क्षत्रपांनी पिढ्यान्‌पिढ्या ही नाणी पाडली, लोकांनी ती मडक्यांत घालून पुरून ठेवली आणि मातीने ती जपली, हेच त्याचे कारण.

याहून जवळचे उदाहरण शिवराईचे. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेले हे तांब्याचे नाणे शिवाजी महाराजांच्या नावाने पाडले गेले, त्यांच्यानंतरही पेशवाईत आणि पुढे ते निरनिराळ्या टांकसाळींत पाडले जात राहिले, आणि अव्वल इंग्रजीतही बाजारात चालत होते. त्यामुळे शिवराई अक्षरशः ढिगांनी निघतात. एकेकाळी तांब्याच्या भावाने मोडीत जाणाऱ्या मालात त्यांची पोती असत. महाराजांचाच सोन्याचा होन मात्र इतका विरळा आहे की अस्सल होन बाजारात निघणे हीच घटना ठरते. राजा एक, काळ एक, लोकांच्या मनातला भक्तिभावही एकच, पण एकाची किंमत एका जेवणाच्या खर्चाएवढी आणि दुसऱ्याची घराएवढी असू शकते.

मावशीला हे पटवताना मी हापूसच्या पेटीचा दाखला दिला. फेब्रुवारीत देवगडहून आलेल्या पहिल्या पेटीचा फोटो वर्तमानपत्रात छापून येतो आणि मे महिन्यात तोच आंबा हातगाडीवर ओरडून विकावा लागतो. आंब्याची जात बदललेली नसते. बदललेले असते ते बाजारात किती पेट्या आहेत आणि त्या वेळी किती जण त्यासाठी उभे आहेत याचे प्रमाण. नाण्याचेही तसेच असते, फक्त त्याचा मोसम शतकाशतकांनी बदलतो.

किती पाडली याहून किती उरली, ते पाहावे

टांकसाळीच्या नोंदीत एखाद्या वर्षी लाखो नाणी दिसली म्हणून ते नाणे सामान्य ठरत नाही, कारण मधल्या काळात त्यांतली बहुतेक वितळवली गेली असू शकतात. १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया हे याचे गाजलेले उदाहरण. त्यावर राजाच्या वस्त्रावरील साखळीत एक लहानसा हत्ती होता, पण तो इतका आखूड सोंडेचा निघाला की लोकांना तो डुक्कर वाटला आणि मुसलमान समाजातून त्यावर मोठा रोष व्यक्त झाला. पाडलेल्या सुमारे ९४ लाख रुपयांपैकी जेमतेम ७ लाख बाहेर गेले होते, उरलेले परत वितळवण्यात आले आणि १९१२ च्या नाण्यावर हत्तीची सोंड नीट दिसेल असा नवा ठसा आला. संग्राहक आजही त्याला ‘पिग रुपया’च म्हणतात.

१९३९ च्या रुपयाची गोष्ट याहून कडक आहे. जुन्या प्रतीच्या चांदीचा हा अखेरचा रुपया. त्यानंतर लगेच युद्ध सुरू झाले, चांदी निम्म्यावर आली आणि सरकारने १९४० नंतरच्या दोनतीन वर्षांत व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि दोन्ही जॉर्ज यांचे जुने, अधिक चांदीचे रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून काढून घेतले. १९३९ चे रुपये लोकांच्या हातांत नीट पोहोचण्याआधीच या फेऱ्यात सापडले. आज सहाव्या जॉर्जच्या रुपयांत याच एका सालासाठी लोक धडपडतात, आणि म्हणूनच १९३८ च्या रुपयावरचा ८ कोरून त्याचा ९ करण्याचे उद्योगही याच सालासाठी होतात.

आणि काही नाणी मुळातच मोजकी पाडलेली असतात. १९३३ साली ब्रिटनमध्ये बँकांकडे पेनींचा साठा भरपूर असल्याने चलनासाठी नव्या पेनींची गरजच नव्हती. नव्या इमारतींच्या पायाभरणीत त्या सालची नाणी ठेवण्याचा रिवाज असल्यामुळे तेवढ्यापुरत्या काही पाडल्या गेल्या, त्या हाताच्या बोटांवर मोजाव्या इतक्याच. १९७० मध्ये लीड्समधल्या एका चर्चच्या कोनशिलेखालची १९३३ ची पेनी चोरांनी उकरून नेली, तेव्हा तिथल्या धर्मगुरूंनी दुसऱ्या चर्चखालची पेनी चोरीला जाण्याआधी काढून विकून टाकायला लावली.

तारखेखालचा हिरा

आपल्याकडची नाणी मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि १९८८ पासून नोएडा अशा चार सरकारी टांकसाळींत पाडली जातात. नाणे कोणत्या टांकसाळीचे हे तारखेखालच्या बारीक खुणेवरून कळते: मुंबईचा हिरा म्हणजे चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, आणि कोलकात्याच्या नाण्यावर काहीच नाही. हैदराबादच्या खुणा मधल्या काळात बदलत गेल्या, पण तो तपशील सध्या सोडून देऊ. महत्त्वाचे हे, की संग्राहकाच्या लेखी एकाच सालाची ही चार वेगवेगळी नाणी आहेत. एका टांकसाळीने त्या साली कोट्यवधी नाणी पाडली असतील आणि दुसरीने थोडकी, म्हणून दिसायला सारख्या दोन नाण्यांत शंभरपट फरक पडू शकतो. खिशातले नाणे बाहेर काढून पाहा, खूण दिसेल. आपण ती रोज हाताळतो आणि कधी पाहत नाही.

अमेरिकेतल्या १९०९ च्या पेनीवर हा प्रकार सर्वांत ठळक दिसतो. लिंकनचा चेहरा असलेली पेनी त्या साली पहिल्यांदा आली आणि तिच्या मागच्या बाजूला खाली, शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर याची व्ही. डी. बी. ही आद्याक्षरे होती. ती फार ठसठशीत आहेत, अशी ओरड झाली आणि काही दिवसांतच ती काढून टाकण्यात आली. तोपर्यंत फिलाडेल्फियात सुमारे २ कोटी ८० लाख पेनी पाडून झाल्या होत्या, त्या आजही सहज मिळतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत मात्र अवघ्या ४ लाख ८४ हजार झाल्या होत्या. त्यांच्यावर तारखेखाली एस हे अक्षर असते. त्या एका अक्षरासाठी लोक शेकडो डॉलर मोजतात.

राणीछाप रुपयाची खोच याहूनही सूक्ष्म आहे. १८६२ ही तारीख असलेले रुपये त्या एकाच साली पाडलेले नाहीत, १८७४ पर्यंत तीच तारीख ठेवून काम चालू होते. मुंबईच्या टांकसाळीत नेमके वर्ष ओळखू यावे म्हणून तारखेजवळ बारीक ठिपके टाकण्याची पद्धत होती. त्यामुळे १८६२ चा रुपया हातात आला की जाणकार माणूस राणीच्या चेहऱ्याकडे न बघता आधी भिंग घेऊन ठिपके मोजू लागतो. मावशीच्या डब्यातला रुपया १८६२ चाच होता.

साचा चुकला तर

नाणे घडते कसे हे कळले की चुकीच्या नाण्यांचे कौतुक का होते हेही कळते. धातूच्या पत्र्यातून गोल चकत्या कापतात आणि दोन ठशांच्या मध्ये ठेवून प्रचंड दाबाने दाबतात. उकडीच्या मोदकाचा साचा डोळ्यांसमोर आणावा: पारी साच्यात नीट बसली नाही तर मोदक एका बाजूला कलतो, साच्याच्या कळ्या झिजल्या तर मोदकाच्याही बुजतात, आणि साचाच कोरताना चूक झाली असेल तर त्यातून निघणारा प्रत्येक मोदक तीच चूक घेऊन बाहेर पडतो.

१९५५ साली फिलाडेल्फियात पेनीचा एक ठसा बनवताना त्यावर दुसऱ्यांदा दिलेला दाब किंचित सरकला आणि त्या ठशातून निघालेल्या पेनीवर तारीख आणि अक्षरे दोनदोनदा उमटली, साध्या डोळ्यांना दिसतील अशी. चूक लक्षात येईपर्यंत अशा वीसएक हजार पेनी चांगल्या मालात मिसळून गेल्या होत्या. ढीग उपसण्यापेक्षा त्या जाऊ द्याव्यात असे तिथल्या लोकांनी ठरवले. त्या काळी अमेरिकेत सिगारेटचे पाकीट २३ सेंटांना होते, यंत्रात २५ सेंटांचे नाणे टाकावे लागे आणि उरलेले दोन सेंट पाकिटाच्या वेष्टणातच घालून दिलेले असत. दोनदा छापलेल्या पुष्कळशा पेनी अशा सिगारेट ओढणाऱ्यांच्या हाती लागल्या.

१९४३ ची गोष्ट मात्र अमेरिकेतल्या साऱ्या संग्राहकांना पाठ आहे. युद्धासाठी तांबे हवे म्हणून त्या वर्षी पेनी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाच्या पाडल्या गेल्या. आदल्या वर्षाच्या तांबूस चकत्यांपैकी काही भांड्यांच्या कोपऱ्यांत अडकून राहिल्या होत्या, त्या नव्या चकत्यांबरोबर यंत्रात गेल्या आणि १९४३ ची तारीख घेऊन बाहेर पडल्या. अशा सुमारे २० पेनी ज्ञात आहेत. डेन्व्हरच्या टांकसाळीची त्यांतली एकच ज्ञात आहे, आणि ती २०१० साली १७ लाख डॉलरांना गेली. पोलादाच्या पेनीला तांब्याचा मुलामा देऊन किंवा १९४८ मधला ८ घासून ३ करून फसवणारेही तेव्हापासून आहेतच. पहिल्या प्रकाराला साधे लोहचुंबक पुरते, कारण खरी तांबूस पेनी त्याला चिकटत नाही.

इथे एक खुलासा करायला हवा. नाण्यावर ओरखडा आहे, कडा वाकली आहे किंवा अक्षर पुसट झाले आहे म्हणजे ती टांकसाळीची चूक नव्हे. नाणे टांकसाळीतून बाहेर पडल्यावर जे काही झाले ती निव्वळ हानी, तिला भाव नाही. आणि टांकसाळीची खरी चूकसुद्धा ठळक दिसणारी हवी, नाही तर ती सांगून पटवण्यातच अर्धा दिवस जातो.

चिंच आणि मीठ

आता नाण्याच्या अवस्थेकडे येऊ. १९४९ साली विल्यम शेल्डन या अमेरिकन संग्राहकाने सुरुवातीच्या मोठ्या तांब्याच्या सेंटांसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. १ म्हणजे कसेबसे ओळखता येणारे नाणे आणि ७० म्हणजे टांकसाळीतून नुकते निघाल्यासारखे निर्दोष. पेनीसाठी काढलेली ही पट्टी आता जगभर सगळ्याच नाण्यांना लावतात. ६० आणि त्यावरची नाणी चलनात न फिरलेली, म्हणजे कोरी, समजतात आणि खरी किंमत तिथून वर उसळते. पैठणीवरून कल्पना येईल: तीच वीण, तोच जर, पण एक घडीसुद्धा न मोडलेली आणि दुसरीवर लग्नातल्या मठ्ठ्याचा डाग.

तांब्याच्या आणि चांदीच्या नाण्यावर वर्षानुवर्षे हवेने जो रंग चढतो तो संग्राहकाला हवा असतो. तो नाण्याच्या अंगावरच्या कातडीसारखा असतो, मळासारखा नव्हे. चिंच, मीठ, लिंबू, राख किंवा दात घासायची पावडर लावून नाणे घासले की धातूचा वरचा थर निघून जातो, बारीक ओरखडे उठतात आणि भिंगाखाली ते लगेच दिसतात. घरात आलेल्या पाहुण्यांना चकचकीत नाणे आवडते आणि विकत घेणाऱ्याला ते पाहताच वाईट वाटते. हे मी मावशीला सांगितले तेव्हा ती गप्प झाली. राणीछाप रुपया लक्ष्मीपूजनाचा होता आणि आजीपासून दर दिवाळीला चिंचेने घासून पाटावर मांडला जात होता.

पण हवे कोणाला?

दुर्मीळ असणे ही अर्धीच बाजू झाली. माझ्या हस्ताक्षरातली वाण्याची यादी जगात एकच आहे, पण ती कोणी विकत घेणार नाही. नाणे हवे असणारी माणसेही लागतात, आणि ती कशी तयार होतात याचे उत्तर पुन्हा पेनीकडेच आहे. अमेरिकेत १९३० च्या दशकात पुठ्ठ्याची स्वस्त फोल्डरे निघाली, ज्यांत प्रत्येक साल आणि प्रत्येक टांकसाळ यांसाठी एकेक गोल खोबण असे. शाळकरी मुलांनी बापाच्या खिशातल्या सुट्या पेनी चाळून ती भरायला घेतली. सगळ्या खोबणी भरल्या जात आणि १९०९ च्या एस अक्षराच्या व्ही. डी. बी. पेनीची तेवढी रिकामी राहत असे. ती रिकामी खोबण पाहत मोठी झालेली मुले पुढे कमावती झाली आणि त्यांनी तीच पेनी हवा तो भाव देऊन घेतली. चार लाखांवर पाडलेले नाणे इतके महाग का, याचे कारण त्या लाखो पुठ्ठ्यांत आहे.

याउलट आपल्याकडच्या कितीतरी लहान संस्थानांची तांब्याची नाणी संख्येने त्याहून फार कमी उरली असतील, पण त्यांवरची फार्सी किंवा मोडी अक्षरे वाचणारे थोडे, त्यांची पुस्तके थोडी, म्हणून मागणीही थोडी. माझ्या मते या नाण्यांचे दिवस अजून यायचे आहेत. संग्रह करायचाच असेल तर भाव वाढेल या आशेपेक्षा अक्षर वाचता येण्याच्या आनंदासाठी करावा. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांचे संशोधन केंद्र आणि संग्रहालय आहे, मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचे नाण्यांचे संग्रहालय आहे. तिथे एक दुपार काढली की मोबाइलवरचे संदेश आपोआप खोटे वाटू लागतात.

“मग जाहिरातीत लाखो रुपये कसे लिहितात?”

कारण लिहायला काही खर्च येत नाही. वैष्णोदेवीची ५ आणि १० रुपयांची नाणी २०१२ ची, देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवाची, आणि ती चलनात मुबलक आली. मावशीच्या डब्यातल्या त्या नाण्याची किंमत ५ रुपये आहे आणि वाण्याकडे त्याचे ५ रुपये मिळतील. जाहिरात टाकणाऱ्याला तुमचे नाणे नकोच असते. “१० लाख मंजूर झाले, आता नोंदणीचे २ हजार पाठवा, मग कराचे ८ हजार” अशा रीतीने पैसे उलट दिशेने वाहू लागतात. हे प्रकार इतके वाढले की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर सूचना काढून सांगावे लागले की बँक असे व्यवहार करत नाही, त्यासाठी कसलेही शुल्क घेत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही.

रामदरबाराची ती चकतीही याच जातीची. त्यावर ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, १८१८ साल आणि अर्धा आणा असे लिहिलेले असते. कंपनीने असे नाणे कधीही पाडले नाही. तीर्थक्षेत्रांच्या दुकानांत या चकत्या मिळतात, आणि भाविकाने देवघरात ठेवल्या तर त्यात गैर काही नाही. पण तांदूळ ओढून घेणारे चमत्कारी नाणे म्हणून हीच चकती लाखोंना गळ्यात मारणाऱ्या टोळ्या पकडल्या गेल्याच्या बातम्या अधूनमधून येत असतात.

“पुस्तकात भाव एक, दुकानदार देतो निराळाच”

ही तक्रार खरी आहे, आणि दुकानदार दर वेळी लबाडच असतो असे नाही. किंमतपुस्तकातला भाव हा एखाद्या विशिष्ट अवस्थेतल्या नाण्याचा, विकत घेणाऱ्याने द्यायचा भाव असतो. तुमचे नाणे त्या अवस्थेत आहे असे तुम्हाला वाटते, दुकानदाराला दोन पायऱ्या खाली वाटते, आणि शिवाय ते विकले जाईपर्यंत त्याचे पैसे अडकणार असतात. शाळेची पुस्तके जूनमध्ये छापील किमतीला घेऊन एप्रिलमध्ये रद्दीत देताना आपण ही तफावत निमूट मान्य करतो. नाण्याच्या बाबतीत ती खटकते, कारण पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मोबाइलवरचा आकडा असतो. मोठ्या नाण्यासाठी दोनतीन ठिकाणी विचारावे आणि नोंदणीकृत लिलावाची वाट धरावी हेच शहाणपणाचे.

कायद्याचेही थोडे भान हवे. जमिनीत सापडलेला १० रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही आणि अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. अमेरिकेतल्या भाच्याला आजीची शिवराई भेट म्हणून टपालाने पाठवण्याची कल्पना गोड असली, तरी ती इथे अडते.

मावशीचा डबा त्या संध्याकाळी रिकामा केला तेव्हा हिशेब असा लागला: भोकाचा पैसा आणि नया पैसा नातवंडांना दाखवायला, अॅल्युमिनियमचे पैसे तसेच, ५ रुपये तिच्या पाकिटात, शिवराई देवघरात. राजाछाप रुपयाला चांदीचा भाव. उरला राणीछाप. दिव्याखाली धरून मी भिंगातून तारखेभोवती पाहिले. १८६२ मधला ८ आणि ६ नीट वाचता येत होते, २ ची शेपटी अर्धी होती, आणि जिथे ठिपके असायचे तिथे धातू आरशासारखा गुळगुळीत होता. मावशीने विचारले, “किती आहेत रे ठिपके?” मी भिंग तिच्या हातात दिले आणि तिनेही पाहिले.